शिक्षणाच्या वाहिन्या करमणुकीकडे का वळतात?

गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे कधी आणि किती लावायचे, हे घाटंजीच्या कापूस उत्पादकाला कळायला हवं असतं. पण टीव्ही लावला की समोर येते मालिका. असं का होतं?

अमेरिकेत १९७२ साली नासा आणि सरकारी शिक्षण खात्याच्या पुढाकारानं एक शैक्षणिक सेवा सुरू झाली. तीच पुढे 'द लर्निंग चॅनल', म्हणजे टीएलसी झाली. आज तिच्यावर लग्नसोहळे आणि कौटुंबिक भांडणं रंगतात. आपल्याकडे १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' ही मालिका आली, ती कुटुंबनियोजनाचा संदेश घेऊन. उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही. मग संदेश मागे पडला, कथा पुढे सरकली.

खासगी वाहिनी जाहिरातींवर चालते आणि जाहिरातीचा दर टीआरपीवर ठरतो. बोंडअळीचा कार्यक्रम कापूसपट्ट्यापुरता. घरगुती नाट्य मात्र सगळीकडे खपतं. म्हणून शिक्षणाचा खर्च सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवा. डीडी फ्री डिशवर केंद्र सरकारच्या 'स्वयंप्रभा' या शैक्षणिक वाहिन्या मासिक शुल्काशिवाय दिसतात. मुलांना त्या आवर्जून लावून द्या, स्वतःही बघा.