बँक शाखेचा संकेतांक : पैसे योग्य खात्यात यावेत म्हणून



मोसंबीचे, रेशीम कोषांचे किंवा बीजोत्पादनाचे पैसे आता बहुधा खात्यावर जमा होतात. त्यासाठी खाते क्रमांकासोबत शाखेचा आय.एफ.एस.सी. संकेतांक द्यावा लागतो.

हा संकेतांक ११ स्थानांचा असतो. पहिली ४ अक्षरे बँकेची, पाचव्या जागी शून्य व शेवटची ६ स्थाने शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' लिहू नये.

संकेतांक पासबुकावर व धनादेशावर छापलेला असतो. मात्र पासबुक जुने असल्यास सावध राहावे. मराठवाड्यात अनेकांची खाती स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होती. ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्यामुळे 'एसबीएचवाय'ने सुरू होणारे संकेतांक जाऊन 'एसबीआयएन'ने सुरू होणारे आले. म्हणून संकेतांक शाखेत विचारून किंवा रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहून खात्री करावी. एकाच नावाची गावे अनेक असतात, तेव्हा जिल्हाही पाहावा.

लक्षात ठेवा, संकेतांक शाखा दाखवितो, खातेदार नव्हे. खाते क्रमांकाचा एक अंक चुकला तरी पैसे दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतात व ते परत मिळविणे जिकिरीचे होते. म्हणून दोन्ही क्रमांक तोंडी न सांगता लिहून द्यावेत. पैसे पाठविल्यावर व्यापाऱ्याकडून यूटीआर क्रमांक घ्यावा, म्हणजे बँकेत चौकशी करता येते. पैसे जमा होण्यासाठी ओटीपी किंवा पिन लागत नाही. तो कोणालाही सांगू नये.