राशोलची रात्र

शनिवार-रविवारच्या शिबिरासाठी आमच्या चर्चमधील चोवीस मुलामुलींना घेऊन मी बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात राशोलला गेलो होतो. जुवारीकाठच्या याच गावी १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यावर बोलण्याची मी पुष्कळ तयारी केली होती. मुलांचे लक्ष मात्र लगडलेल्या फणसाकडे!

रात्री जपमाळेपूर्वी शिरगणती केली, तो तेवीसच भरले. लोकांची लेकरे आपल्या भरवशावर आणलेली! इतरांस जप सुरू करावयास सांगून मी बॅटरी घेऊन धावलो. त्या पंधरा मिनिटांत मनाची काय अवस्था झाली, ती सांगवत नाही. अखेर एक पंधरा वर्षांचा मुलगा मागील पायऱ्यांवर अंधारात बसलेला सापडला. मी रागावणार, तोच तो म्हणाला, “सर, प्रार्थनेत ‘बापा’ हा शब्द आला की मला पुढे म्हणवत नाही.” त्याचे वडील पावसाळ्यात वारले होते. हे मला ठाऊक होते, आणि तरीही मी ते विसरलो होतो.

शिक्षकाजवळ उत्तर असतेच, असा आपला समज. माझ्याजवळ नव्हते. मी त्याच्याशेजारी बसलो. आत जप चालला होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, “सर, जेवण उरले असेल का?”

पेज उरली होती, आणि थोडा सुका बांगडा. आम्ही दोघेही जेवलो.