औषध देण्याआधी



३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात १२ लहान मुलांना पोलिओच्या लसीऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना रुग्णालयात हलवावं लागलं. सुदैवाने ती बचावली. लस कोणती आणि सॅनिटायझर कोणतं, हे न कळण्यासारखं नव्हतं. हातातली बाटली कशाची आहे, ते पाहायचं राहून गेलं. औषधाच्या बहुतेक चुका अशाच होतात, घाईत आणि सवयीने.

म्हणून नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून आमच्याकडून पाच गोष्टी घोकून घेतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. औषधावरचं लेबल तीनदा वाचायचं. कपाटातून काढताना, मात्रा मोजताना आणि बाटली परत ठेवताना. दिल्यावर लगेच नोंद करायची, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर तीच गोळी पुन्हा देणार नाही.

रुग्णाला नाव विचारण्याचीही रीत आहे. ‘तुम्ही वाघमारे ना?’ असं विचारलं, की ग्लानीतला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. आपल्या कर्जत-खालापूर भागात एकाच वॉर्डात दोन-दोन वाघमारे आणि तीन-तीन पाटील सहज सापडतात. म्हणून सिस्टरने विचारायचं, ‘तुमचं पूर्ण नाव सांगा.’ रोज तुमचं तोंड पाहणारी सिस्टर पुन्हा नाव विचारू लागली, तर रागावू नका. ती तुमचीच काळजी घेते आहे.

पण खरी कसोटी पुढे आहे. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातून सुट्टी मिळते, पिशवीत गोळ्या घेऊन माणूस खोपोली लोकल पकडतो आणि पळसदरीला उतरतो. तिथून पुढे सिस्टर कोण? घरची सून, मुलगी नाहीतर नातू. आता त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते.

पहिली, लहान मुलांचं तापाचं औषध. पॅरासिटामॉल थेंबांच्या बाटलीतही मिळतं आणि सिरपच्या बाटलीतही. थेंबांच्या औषधात साधारण १ मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, तर सिरपच्या ५ मिलीलिटरमध्ये १२५ किंवा २५०. थेंबांची बाटली सिरप समजून चमचाभर, म्हणजे ५ मिलीलिटर पाजली, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातं. म्हणून प्रत्येक बाटलीवरचा आकडा वाचा आणि तिच्यासोबत आलेल्या ड्रॉपरने किंवा मापाच्या टोपणानेच औषध द्या. स्वयंपाकघरातला चमचा नको. दोन घरांतले चमचे कधी सारखे नसतात.

दुसरी, इन्सुलिन. कुपीवर ४० लिहिलं असेल तर सिरिंजही ४०चीच हवी, तिचं टोपण लाल असतं. १००च्या इन्सुलिनला १००ची सिरिंज, तिचं टोपण केशरी. १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरलं, तर २० युनिटऐवजी ५० युनिट अंगात जातील आणि साखर धोकादायकरीत्या उतरेल. वाडीवर फ्रिज नसेल, तर वापरात असलेली कुपी पिशवीत बंद करून मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवा आणि किती दिवस वापरायची ते विचारून घ्या.

तिसरी, गोळ्यांची पट्टी. सुट्या गोळ्या घेताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग कापून जातो, आणि हातात उरतात चार निनावी गोळ्या. दुकानदाराला नाव-तारखेसह द्यायला सांगा, नाहीतर कागदावर लिहून घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीसुद्धा ओल्या राहतात. गोळ्या चुलीजवळ किंवा खिडकीत नकोत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि डबा मुलांच्या हाताबाहेर.

चौथी, एकच औषध दोन नावांनी. क्रोसिन आणि कॅल्पॉल, दोन्हींत पॅरासिटामॉलच असतं. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असतील, तर दोन्ही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय गोळी गिळू नका.

आजीला वाचता येत नसेल, तर पुडीवर सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र काढून मागा. आशाताईही काढून देतील. आणि एखाद्या औषधाने पूर्वी पुरळ आलं असेल किंवा श्वास अडकला असेल, तर त्याचं नाव केसपेपरवर लिहून घ्या. इंजेक्शनआधी ते स्वतःहून सांगा.

दरवर्षी १७ सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन पाळतात. २०२२ साली त्याचा विषय औषधांची सुरक्षितता हाच होता. पण हे काम एका दिवसाचं नाही, प्रत्येक गोळीचं आहे. रुग्णालयात असा वा घरी, औषध तोंडाजवळ नेण्याआधी विचारा : हे कशाचं आहे, किती घ्यायचं, केव्हा घ्यायचं? उत्तर मिळेपर्यंत घेऊ नका. विचारण्यात कुणाचाही अपमान नाही.