ऋण आयन आणि वायूंची मिसळ

सी. व्ही. रामन यांनी 1948 मध्ये बेंगळुरूत उभारलेल्या रामन संशोधन संस्थेत पुढे भौतिकशास्त्रज्ञ ई. कृष्णकुमार आले. त्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं मंद इलेक्ट्रॉनांवर काम केलं होतं. वैभव प्रभुदेसाई आणि इतर सहकाऱ्यांसह 2005 मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलली की रेणूतला तुटणारा बंधही बदलतो.

मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे आयनांचं वस्तुमान मोजणारं यंत्र, चालवणाऱ्याला हे मर्म कळलेलं बरं. भाजीत एंडोसल्फान हे कीटकनाशक शोधायचं आहे, असं समजा. नेहमीच्या पद्धतीत 70 इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन रेणूवर आदळतो आणि धन आयन तयार होतो. एंडोसल्फानमधल्या क्लोरीनमुळे तो रेणू खरं तर इलेक्ट्रॉन घ्यायलाच टपलेला असतो. पण भरधाव गाडीत कोण चढणार? म्हणून आयन-कक्षात सुमारे एक टॉर दाबाचा मिथेन भरतात. मिथेनवर आदळून इलेक्ट्रॉन मंदावतात, मिथेन मात्र त्यांना धरून ठेवत नाही. मग एंडोसल्फान त्यांना टिपतं आणि भाजीतले मेण-चरबीचे रेणू बहुतेक गप्प राहतात.

अल्कोहोलचं काय? ते इलेक्ट्रॉन सहसा घेतच नाही. त्यासाठी स्मिट आणि फील्ड या संशोधकांनी 1977 मध्ये मिथेनमध्ये नायट्रस ऑक्साइड मिसळला. भूल देताना वापरतात, हाच तो वायू. मंद इलेक्ट्रॉन मिळताच त्यातला नायट्रोजन सुटतो आणि ऋण ऑक्सिजन उरतो. तो मिथेनचा हायड्रोजन ओढून हायड्रॉक्साइड होतो, आणि हायड्रॉक्साइड अल्कोहोलचा प्रोटॉन काढून घेतो. झाला अल्कोहोलचा ऋण आयन! दोन्हींपैकी कुठल्याही एकट्या वायूतून हायड्रॉक्साइड मिळालाच नसता.

याची किंमत इलेक्ट्रॉन सोडणारी फिलामेंट मोजते. ही तापलेली तार अशा ऑक्सिडीकारक वायूत लवकर जळते. ती बदलायची म्हणजे यंत्र गार होऊ द्या, निर्वात मोडा, तार बसवा, पुन्हा निर्वात ओढा. दिवस गेलाच म्हणून समजा.

कोणते आयन बनतात, हे वायूंवर इतकं अवलंबून असतं. तरीही अनेक अहवालांत यंत्राचं मॉडेल ठळक छापतात आणि वायूंचा उल्लेख एका ओळीत उरकतात. वायू कोणते, त्यांचं प्रमाण किती, दाब आणि आयन-कक्षाचं तापमान किती, हे ज्या अहवालात नाही, त्यातला आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेनं स्वीकारू नये.