पाणकणीस : पाणथळीचे एक उपेक्षित रोप



व्यासपीठावरून शिक्षणाच्या थोर ध्येयांविषयी बोलणारे अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत. मी मात्र आज आपणांस गावच्या बांधाबाहेरच्या चिखलात घेऊन जाणार आहे. विषय आहे पाणकणीस. पनवेल-उरणपासून श्रीवर्धनपर्यंत आपण किनाऱ्याने प्रवास केला, तर रस्त्याकडेच्या डबक्यात, खाजणाच्या कडेला, तळ्याच्या काठी तलवारीसारखी उभी पाने आणि त्यांच्यामधून वर आलेली तपकिरी, मखमली कणसे आपणांस दिसतील. आपण रोज पाहतो. परंतु पाहणे आणि ओळखणे यांत अंतर असते.

प्रथम नावाचा घोळ दूर करू. इंग्रजीतला ‘बुलरश’ हा शब्द एकाच वनस्पतीचा नाही. तीन-चार वेगळ्या पाणवनस्पतींना तो लावला जातो. आपल्याकडेही लव्हाळा, बोरू आणि पाणकणीस यांची गल्लत होते. लव्हाळ्याची दांडी बहुधा तिधारी असते. ज्याची लेखणी करतात त्या बोरूला पेरे असतात आणि कांडी आतून पोकळ असते. पाणकणसाच्या दांड्याला पेरे दिसत नाहीत, आणि तो पोकळही नसतो. टोकाला कणीस आले की मग शंकेला जागाच उरत नाही. याला रामबाण असेही म्हणतात. शास्त्रीय नाव टायफा. आपल्याकडे सर्रास आढळणारी जाती टायफा डोमिन्जेन्सिस होय; जुन्या पुस्तकांत हीच टायफा अँगुस्टाटा या नावाने भेटते. संस्कृतातील ‘एरका’ म्हणजे हेच गवत असे अनेक अभ्यासक मानतात. महाभारताच्या मौसलपर्वात यादवांनी ज्या एरकेने परस्परांचा संहार केला, ती ही.

आता त्याची रचना पाहा. चिखलात आडवे पसरणारे जाड खोड असते, त्यातून दरवर्षी नवे कोंब वर येतात. म्हणून तळ्याच्या एका कोपऱ्यात दिसणारी शेकडो रोपे पुष्कळदा एकाच रोपाचा विस्तार असतात. पाने बुंध्यापासून दोन रांगांत निघतात आणि पुरुषभर उंचीच्याही वर जातात. पानाला किंचित पीळ असतो. त्यामुळे वाऱ्याचा जोर विभागला जातो व पान सहसा मोडत नाही. ज्याला आपण कणीस म्हणतो ते वस्तुतः फुलांचा दाट समूह आहे. वरच्या भागात नरफुले, खालच्या भागात मादीफुले, आणि दोहोंमध्ये बोट-दोन बोटे उघडा दांडा. मादीफुले आधी पक्व होतात, नरफुले मागाहून. त्यामुळे परागकण वाऱ्याने दुसऱ्या रोपावर जाण्याची संधी वाढते. काम झाले की नरफुले झडून जातात आणि खालचे तपकिरी कणीस तेवढे उरते. ते पिकून फुटले की कापूस उडू लागतो. एका कणसात लाखावर बिया असू शकतात. प्रत्येक बी मऊ केसांच्या छत्रीवर स्वार होऊन निघते.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक प्रश्न तुम्हाला पडला पाहिजे. चिखलात हवा जवळजवळ नसते. मग याची मुळे गुदमरत कशी नाहीत? पानाचा आडवा छेद घेऊन पाहा. आत हवेच्या पोकळ्यांची जाळी दिसेल. या मार्गाने पानांतली हवा खाली खोडापर्यंत व मुळांपर्यंत पोहोचते. वाळलेले दांडेही ही वाट खुली ठेवतात. म्हणूनच तळ्यात पाणकणीस फार माजले असेल, तर ते पाण्याच्या पृष्ठभागाखाली कापावे. हवेची वाट बंद होऊन खालचे खोड कुजते. पाण्याच्या वर कापले तर ते पुन्हा जोमाने फुटते. शास्त्र समजले की श्रम वाचतात, ते असे.

आता त्याच्या वस्तीकडे वळू, कारण आपल्या जिल्ह्याचा संबंध तेथे येतो. पाणकणसाला उथळ पाणी, उघडा चिखल आणि भरपूर ऊन हवे. बी रुजण्यास पाणी गोडे किंवा फार तर मचूळ असावे लागते. मोठे झालेले रोप थोडा खारेपणा सोसते. पण दिवसातून दोनदा भरतीचे पाणी येते तेथे त्याचे राज्य चालत नाही. तेथे तिवर आणि मारांडी यांचे राज्य. म्हणजे पाणकणीस आणि तिवर यांच्यामधली सीमा ही गोड्या व खाऱ्या पाण्याची सीमा होय. सरकारी नकाशा न पाहता ती आपणांस वाचता येते.

ती वाचायची कशी? खारभूमीच्या बांधाला खांड पडली आणि दुरुस्ती झाली नाही, तर भरती शेतात शिरते. काही वर्षांत भाताच्या जागी तिवर उभे राहतात. पेण आणि अलिबाग तालुक्यांतील शेतकऱ्यांना हे दुःख नवे नाही. याउलट जेथे भराव किंवा रस्ता घालून भरतीची वाट अडवली जाते, तेथे पावसाचे आणि गटाराचे पाणी साचते, तिवर सुकत जातात आणि पाणकणीस पसरू लागते. पहिल्या प्रसंगी शेतकऱ्याची भाकरी जाते. दुसऱ्या प्रसंगी मासे, खेकडे, कोलंबी यांची पैदास जाते आणि खाडीवर पोट असणाऱ्याची भाकरी जाते. दोन्ही वेळा झाडे आधी बोलतात, माणसे मागाहून. उघाडीजवळ कोणते रोप उगवले आहे एवढे जरी गावाने वेळीच पाहिले, तरी पुष्कळ नुकसान टळेल.

हे रोप मित्र की शत्रू, असे आपण विचाराल. दोन्ही. कालवे आणि तळी ते बुजवून टाकते, हे खरे. परंतु सांडपाण्यातील नत्र व स्फुरद ते शोषून घेते. त्याच्या मुळांभोवती वाढणारे जिवाणू घाण विघटित करतात. म्हणून जगात अनेक ठिकाणी सांडपाणी शुद्ध करण्यासाठी पाणकणसाचे वाफे मुद्दाम लावतात. अट एवढीच की वाढलेली पाने कापून बाहेर काढावीत. नाहीतर कुजल्यावर घेतलेले सर्व ते पाण्याला परत करते. पानांच्या चटया होतात, छपरे शाकारता येतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत याचा कापूस जीवरक्षक जाकिटांत भरला गेला. इराकच्या दक्षिणेकडील दलदलीत राहणारे अरब याच्या पिवळ्या परागांपासून ‘खिर्रेत’ नावाची मिठाई करतात. सिंधमध्येही परागांची मिठाई होते. ज्याला आपण कचरा म्हणतो, ते दुसऱ्याच्या घरी पक्वान्न आहे!

पक्ष्यांचे तर ते माहेरघर. जांभळी पाणकोंबडी याच्या आडोशाला वाढते. सुगरणीच्या कुळातली रेषाळ सुगरण आपली घरटी पाणकणसाच्या बेटांत बांधते. सुगरण म्हटले की आपल्या जिल्ह्याने अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डॉ. सालिम अली यांची मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील नोकरी गेली, तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीम येथे येऊन राहिले. तेथे १९३० साली त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे रोज निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे बांधतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच नांदते. आणि मग नर दुसऱ्या घरट्याला लागतो, हे त्यांनी टिपले. हा अभ्यास १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि त्यांची कीर्ती झाली. त्यासाठी लागले काय? चिकाटी, वही आणि पेन्सिल. प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्या आम्हा शिक्षकांना किहीमने हे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे.

बंधुभगिनींनो, खारफुटीला आज कायद्याचा आधार आहे. तिची नासधूस म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्काचा भंग, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली ठरवले. पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. मात्र भातशेती आणि मिठागरे त्यांच्या कक्षेबाहेर आहेत. शेजारची ठाणे खाडी २०२२ साली रामसर यादीत गेली, ही आनंदाची बाब. परंतु गावाशेजारचे पाणकणसाचे डबके कोणत्याही यादीत नसते. कागदावर ते पडीक, आणि पडीक म्हणजे भराव टाकण्यास मोकळे, अशी आपली समजूत. पावसाळ्यात साठणारे पाणी मग कोठे जाते, हे घरात पाणी शिरल्यावर कळते.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक शाळेने आपल्या परिसरातील एक पाणथळ जागा निवडावी. दर महिन्याला मोठ्यांच्या सोबतीने, बांधावरूनच, चिखलात न उतरता, मुलांनी तिची नोंद करावी : पाणी किती, गोडे की खारे, पाणकणीस कोठवर आले, तिवर कोठवर, पक्षी कोणते. दहा वर्षांनी ती वही गावाचा दस्तऐवज होईल. भराव पडू लागला तर ग्रामपंचायतीपुढे केवळ तक्रार न नेता पुरावा नेता येईल. ज्या पिढीला दारातल्या रोपाचे नाव येते, ती आपल्या जमिनीचा सौदा अज्ञानात करीत नाही.