अर्धवट खेळाचं काय उरतं?

'स्टारगेट वर्ल्ड्स' या ऑनलाइन खेळाबद्दल आज बोलणार आहे. हा खेळ कधी बाजारात आलाच नाही, त्यामुळे तो खेळलेला माणूस आपल्या शहरात सापडायचा नाही. 'स्टारगेट' हा १९९४चा सिनेमा आणि त्यावरून निघालेली, दहा पर्वं चाललेली मालिका मात्र पुष्कळांना ठाऊक असेल. ते भलंमोठं कडं, त्यातून पाऊल टाकलं की थेट दुसरा ग्रह, हे सगळं सांगण्यात वेळ घालवत नाही. मिनिटं मोजकी आहेत.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या मेसा गावच्या शायेन माउंटन एंटरटेनमेंट या कंपनीने २००६मध्ये हा खेळ जाहीर केला. कथेचे हक्क एमजीएमचे. आपल्याकडे एमजीएम म्हटलं की रिक्षावाला सिडकोतल्या त्याच नावाच्या कॉलेजापाशी नेऊन सोडतो. हे एमजीएम हॉलिवूडचं, डरकाळी फोडणाऱ्या सिंहाचं. जगभरातल्या माणसांनी एकाच वेळी त्या कड्यातून ये-जा करायची, अशी कल्पना होती. आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे, खेळाडूला सैनिक होता येणार होतं तसं पुरातत्त्वज्ञही होता येणार होतं! बंदूक बाजूला ठेवून जुन्या लिप्या लावत बसायचं. वेरूळ-अजिंठ्याच्या पोरांना याहून चांगला खेळ कोण देणार होतं?

२००८च्या ऑक्टोबरात निवडक लोकांना चाचणीसाठी आत घेतलं. नेमकी तेव्हाच जगभर मंदी आली. पैसा आटला, पगार थकल्याच्या बातम्या आल्या. २०१०च्या फेब्रुवारीत 'स्टारगेट रेझिस्टन्स' हा छोटा खेळ काढून पाहिला, त्याच महिन्यात कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढच्या जानेवारीत त्या छोट्या खेळाचे सर्व्हरही बंद पडले.

कंपन्या बुडतात, त्याचं मला विशेष वाटत नाही. मला बोलायचंय ते पुढचं. 'स्टारगेट वर्ल्ड्स'चं आज काय उरलं? काही चित्रं, काही मिनिटांच्या चित्रफिती. बस. कित्येक माणसांनी कित्येक वर्षं उभे केलेले ग्रह, गावं, देवळं, त्यातलं आत जाऊन बघता येईल असं तुमच्या-माझ्यासाठी काहीच नाही.

आता अजिंठ्याचं चोवीस नंबरचं लेणं बघा. सहलीची मंडळी सोळा, सतरा, एकोणीस करतात, सव्वीसमधला निजलेला बुद्ध बघतात आणि बसची वेळ झाली म्हणून परततात. चोवीसमध्ये कोणी थांबत नाही, कारण ते अपुरं आहे. पुरं झालं असतं तर अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. बाहेरच्या बाजूला नाजूक कोरीवकाम, आत शिरलं की खांबांचे नुसते ओबडधोबड ठोकळे, भिंतीवर छिन्नीचे घाव जसेच्या तसे. वाकाटक राजा हरिषेण गेला, आश्रयदाते पांगले, कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली. मेसामध्ये झालं तेच म्हणा ना!

पण फरक बघा. चोवीस नंबर आहे तिथेच आहे. लेणं छताकडून खाली कोरत आणायचं, आधी खांबांचे ठोकळे सोडायचे, मग त्यांना आकार द्यायचा, हे आपल्याला असल्या अपुऱ्या लेण्यांनीच शिकवलं. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने अख्खी हयात अजिंठ्यात घातली. दाराच्या खोबणी, सोडून दिलेले कोनाडे असल्या खुणांवरून त्यांनी कोणतं काम आधी, कोणतं नंतर, हे लावलं. पुऱ्या झालेल्या लेण्यात कारागीर आपल्या खुणा पुसून टाकतो, अपुऱ्यात त्या राहतात. म्हणून मी सांगतो, अर्धं काम फुकट जात नसतं, ते फेकून दिलं तर जातं.

आता पुन्हा खेळांकडे येऊ. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' हा दुसरा ऑनलाइन खेळ २०११च्या डिसेंबरात बंद झाला, तरी चाहत्यांनी तो स्वतःच्या सर्व्हरवर पुन्हा उभा केला. का जमलं? लोकांच्या घरात त्याच्या तबकड्या होत्या. अर्धवट खेळाची तबकडी कुणाच्याच घरात नसते. युरोपात विकलेले खेळ बंद पाडू नका म्हणून दहा लाखांवर सह्या झाल्या, चांगलंच आहे. पण जो विकलाच गेला नाही, त्याच्यासाठी सही कोण करणार?

हे दूरचं वाटत असेल तर पुण्याकडे बघा. तिथल्या सुपरगेमिंगने 'इंडस' हा भारतीय ढंगाच्या भविष्यातला लढाईचा खेळ २०२४मध्ये बाजारात आणला. आपल्या मराठवाड्याची पोरं तिकडे नोकऱ्यांना जातात. जाण्याआधी शेवटच्या वर्षाला इथे प्रकल्प करतात. गेल्या वर्षीचा प्रकल्प दाखव म्हटलं की उत्तर ठरलेलं, "सर, सर्व्हरचं भाडं भरलं नाही, गेलं सगळं." आणि वर हसतात! अरे, चार जणांनी रात्री जागवल्या ना त्यासाठी? पेनड्राइव्हवर लग्नाचे सोळाशे फोटो मावतात, प्रकल्प मावत नाही?

आता कुणी म्हणेल, कंपनीचं काम असं ठेवायची परवानगी असते का? प्रश्न रास्त आहे. कथेचे हक्क एकाचे, मेहनत दुसऱ्याची, कर्ज तिसऱ्याचं. त्यात एमजीएमनेही २०१०च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला, नंतर २०२२मध्ये ती ॲमेझॉनकडे गेली. मग मेसातल्या त्या कामाची परवानगी आज मागायची तर ती नेमकी... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात वर झालाय, म्हणजे हक्कांचं राहिलंच. निदान ज्यावर फक्त तुमचाच हक्क आहे, ते तुमचे कॉलेजातले प्रकल्प या रविवारी दोन ठिकाणी उतरवून ठेवा. अर्धे असले तरी. अर्धे असतील तर आधी.