ऋण मानायचे ते कोणाचे?

(किल्लारी भूकंपातील मृतांच्या स्मरणार्थ ३० सप्टेंबर रोजी एका पुनर्वसित गावी भरलेल्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो. त्या दोन मिनिटांत माझ्या मनात काय येते, ते आज सांगावे म्हणतो. ज्यांची माणसे गेली त्यांना धीर देण्याचा माझा अधिकार तुमच्याहून अधिक नाही.

१९९३ साली गणपती बोळवून गाव उशिरा निजला होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. मी घरी नव्हतो. विसर्जनाहून परतल्यावर आईने मला शेतावर राखणीला पिटाळले. जाण्याचे माझ्या जिवावर आले होते. मी वाद घातला, तिने आवाज चढवला. तिचे तेच शेवटचे शब्द. ती आणि माझी धाकटी बहीण माळवदाखाली गेल्या. ती रागावली म्हणून मी वाचलो. तिचे उपकार मानावेत, तर ती गेली आणि मी राहिलो याचेच समाधान मानल्यासारखे होईल, या भयाने कित्येक वर्षे मी तिचे नाव काढणेही टाळीत असे.

तेव्हा सांत्वनाला आलेले लोक म्हणत, देवाची इच्छा. त्यांच्यावर माझा राग नाही. पण तो दिलासा टिकला नाही. भूकंप निसर्गाचा खरा, परंतु लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत जी हजारो माणसे गेली, ती बहुतांशी चिखलात रचलेल्या दगडी भिंतींनी आणि छतावरच्या मातीच्या भाराने मारली. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर. त्याला नशीब म्हटले, की भिंत कशी बांधावी हे शिकण्याचे कारणच उरत नाही.

मग दिलासा कोठे सापडला? पावसात, अनोळखी तरुण हातांनी दगड उपसत होते. त्यांतल्या एकाने माझ्या बहिणीला बाहेर काढले आणि माझ्या स्वाधीन करण्यापूर्वी स्वतःच्या पिण्याच्या पाण्याने तिचे तोंड धुतले. बोलला काहीच नाही. त्याचे नावगाव मला आजवर कळलेले नाही. पण डोळे मिटले की मला चिखल दिसत नाही, तिचा चेहरा दिसतो, हे त्याचे देणे आहे. घरांच्याच वाशांनी रचलेल्या सामुदायिक चितेवर ती आणि आई गेल्या. त्या चितेवर शेजारी कोण कोणत्या जातीचे आहे, हे कोणी विचारले नाही.

(पुढे घरे वाटताना मात्र जमीन विचारली गेली. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या खातेदाराला ७५०. भूकंपाने असा भेद केला नव्हता. पण तो विषय वेगळ्या सभेचा.)

पोरक्या झालेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाने नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे केले. पन्नालाल सुराणांनी त्यात पुढाकार घेतला. एकदा तेथे गेलो असता स्वयंपाकघरातली एक बाई एका मुलाला भरल्या ताटावरून उठला म्हणून रागावत होती. आवाज थेट आईचा. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो आणि त्या घटनेनंतर प्रथमच पोटभर रडलो. तिने मला रागाने घालवून दिले नव्हते. पोरगा आळशी होऊ नये, एवढीच तिची काळजी. ती काळजी माझ्या वाट्याला आली, याबद्दल कृतज्ञ असणे म्हणजे तिच्या मरणाबद्दल कृतज्ञ असणे नव्हे. एवढे उमजायला मला फार वर्षे लागली. तुमच्यापैकी कोणी अजून तेथेच अडले असेल, म्हणून हे बोललो.

शेत अजून आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री मी तेथेच निजतो. यंदाही गेलो, पोराने बरोबर येण्याचा कंटाळा केला, तेव्हा माझाही आवाज चढला.

आता उभे राहू या. आजवर आपण गप्प राहत आलो. आज ज्याला आपल्या माणसाचे नाव मोठ्याने घ्यावेसे वाटेल, त्याने ते घ्यावे.